मधला मऊ थर

चर्चच्या काशाच्या घंटेवर टोला पडला की तिचा नाद बराच वेळ घुमत राहतो. पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये रबरासारखा थर चिकटवून ठोका द्यावा, तर ‘बद्द’ असा आवाज होऊन सारे शांत होते. येथील कंपन गेले कोठे, असा प्रश्न आम्हांस पडतो.

उत्तर मधल्या थरात आहे. पत्रे वाकताना हा थर दोहोंमध्ये आडवा ओढला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. अमेरिकन संशोधक कर्विन यांनी याचे गणित १९५९ साली मांडले. थर अति ताठ असला तर तो ताणलाच जात नाही. अति मऊ असला तर ताणला जातो, पण ऊर्जा धरून ठेवीत नाही. उपयोगी पडतो तो मधल्या ताठपणाचा.

संगणकावर अशा रचनेचे असंख्य लहान तुकडे कल्पितात. एकूण ऊर्जेचा किती वाटा मऊ थरात येतो हे काढून त्यास थराच्या शोषणगुणांकाने गुणण्याची रीत जॉन्सन व कीनहोल्झ यांनी १९८२ साली मांडली. मात्र तो गुणांक तापमानाप्रमाणे व कंपनाच्या गतीप्रमाणे बदलतो. तो प्रयोगशाळेत मोजूनच घ्यावा लागतो.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या प्रत्येक मनोऱ्यात असे थर असलेले सुमारे १०,००० शोषक बसविले होते. २००१ साली हल्ल्यात ते मनोरे कोसळले. हे शोषक वाऱ्याच्या झुलण्यासाठी होते. पण किती झुलणे माणसास सोसेल, हे कोणतेही समीकरण सांगू शकत नव्हते. म्हणून १९६५ साली ओरेगॉनमधील यूजीन येथे लोकांना मोफत नेत्रतपासणीसाठी बोलावून, त्यांना न सांगता, खोली हळूहळू हलविण्यात आली. त्यांना हेलकावे जाणवतात का, हे पाहावयाचे होते.

माहिती मोलाची मिळाली, हे आम्ही मान्य करतो. तरीही ज्यांच्या शरीराकडून ती घेतली, त्यांची संमती आधी घ्यावयास हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. सांगितल्याने निरीक्षण बिघडले असते, असा युक्तिवाद होईल. मग दुसरी वाट शोधणे हेही संशोधकाचेच काम नव्हे काय? वाचकांनी याचा अवश्य विचार करावा.