तीन रकान्यांची हमी

फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावणाऱ्यांसाठी फिनलंडमध्ये 'वेइक्काया' नावाचं नियतकालिक निघायचं. १९४७ साली युहानी विर्ताकाल्लिओ या गृहस्थांनी त्यात ११ सामन्यांसाठी ७२९ रकान्यांची योजना मांडली; एक रकाना म्हणजे सगळ्या सामन्यांच्या अंदाजांचा एक संच. प्रत्येक सामन्याचे निकाल तीन: यजमान जिंकले, बरोबरी, पाहुणे जिंकले. एकूण शक्यता १,७७,१४७. तरी काहीही घडो, ७२९ पैकी एका रकान्यात किमान नऊ अंदाज बरोबर येणारच. दोन वर्षांनी मार्सेल गोले यांनी संदेशातल्या चुका दुरुस्त करणारं कोड प्रसिद्ध केलं, ते नेमकं हेच निघालं. वाटेत दोन चिन्हं बिघडली काय किंवा दोन अंदाज हुकले काय, गणिताला सारखंच. नाव मात्र गोलेंचं लागलं. सट्ट्याच्या अंकात कोण डोकावणार!

मला खरी गोडी आहे ती पुढच्या पायरीची. कसलेला खेळणारा सगळ्या सामन्यांबद्दल सारखाच अडाणी नसतो. एखाद्या सामन्यात यजमान तगडे. ते जिंकतील, फार तर बरोबरी होईल. तिथे पाहुण्यांवर काट मारायची. मग काही जागांना तीन चिन्हं, काहींना दोनच, असं मिश्र कोड तयार होतं. सुबक बीजगणित इथे हातचं जातं, कारण तीनांचा हिशेब आणि दोनांचा हिशेब एका घरात नांदत नाहीत. पण मला हे मिश्र कोडच जास्त प्रामाणिक वाटतं. आपली अनिश्चितता असते तशीच ते मांडतं, उगाच एकसारखी करून घेत नाही.

तीन सामने घ्या. पहिला पूर्ण खुला, उरलेल्या दोघांत पाहुण्यांवर काट. शक्यता बारा. एक चूक चालणार असेल तर रकाने तीन पुरतात: 'यजमान, यजमान, यजमान', 'पाहुणे, बरोबरी, बरोबरी', 'बरोबरी, यजमान, यजमान'. एक रकाना स्वतःसकट पाच शक्यता सांभाळतो. म्हणजे दोघांत फार तर दहा, आणि तिसऱ्यावाचून गत्यंतर नाही. काटच मारली नसती तर शक्यता सत्तावीस आणि रकाने पाच लागले असते.

दोन रकान्यांचे पैसे वाचले ते त्या काटेमुळे, आणि काट गणिताने मारलेली नाही. समजा पहिला सामना यजमानांनी मारला, दुसऱ्यात नेमके पाहुणेच जिंकले आणि तिसरा बरोबरीत सुटला. तिन्ही रकाने तपासून बघा: एकातही एकाहून जास्त अंदाज बरोबर नाही.