वेतन आणि मानधन

शांतता ही फुकट मिळणारी वस्तू नाही. ती कोणीतरी राखावी लागते आणि राखणाऱ्याच्या घरची चूलही पेटती ठेवावी लागते. म्हणूनच शांततेचाही एक जमाखर्च असतो. मी हिशेबनीस. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर चोपड्या सुटल्या; पण रकमेच्या आधी रकान्याचे नाव वाचण्याची खोड सुटली नाही. रकमेपेक्षा रकान्याचे नाव पुष्कळदा अधिक बोलके असते. आज मी जे मांडणार आहे, ते अशाच दोन नावांविषयी आहे.

चिकलठाणा हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. साठीच्या दशकात येथे कारखाने येऊ लागले, १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि गाव हळूहळू शहराच्या पोटात गेले. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भिंती आणि भोवती मुकुंदवाडी, ब्रिजवाडी, नारेगाव अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्या. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून माणसे पोटामागे येथे आली. कारखान्यांनी त्यांना काम दिले. पण गावाकडे भांडण मिटवणारी जी वडीलधारी माणसे होती, ती त्यांच्याबरोबर आली नाहीत. ती जागा रिकामीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात मोबाइल हिसकावण्याचे आणि दुचाकी चोरीचे प्रकार वाढले, तेव्हा रहिवाशांची एक बैठक झाली. मोकळ्या भूखंडावर पोलीस चौकी व्हावी, अशी दुकानदारांची मागणी होती. अंगणवाडीच्या बायका कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांची अंगणवाडी पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत भरते. त्यांतल्या एकीने धीर करून विचारले, "त्याच जागेवर पोरांसाठी एक पक्की खोली आणि संध्याकाळी मोठ्या मुलांना अभ्यासिका झाली तर?" त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "ताई, चोर काय बाराखडी शिकायला येणार आहेत का?" सगळे हसले. मीही क्षणभर हसलो. पण घरी जाताना प्रश्न बरोबर आला. ही खरोखर एकाच पैशाची दोन मागणी होती काय?

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर तसे नाही. आपल्या राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे दिला आहे. चौकीचा शिपाई राज्याच्या गृहखात्याच्या पैशावर चालतो. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि तिच्यात केंद्राचाही वाटा. अभ्यासिका, वाचनालय, मैदान यांची थैली महानगरपालिकेची. थैल्या तीन आणि त्यांची तोंडे तीन दिशांना. चौकी नाकारली म्हणून तो पैसा आपोआप बालवाडीत येत नाही. २०२० साली अमेरिकेत मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांचा पैसा काढून समाजकार्याला द्या, अशी हाक उठली. पुढल्याच वर्षी त्याच शहरात पोलीस खात्याच्या जागी नवे खाते आणण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. अन्यायाची चीड खरी होती आणि रात्रीची भीतीही खरी होती.

ती भीती मी जवळून पाहिली आहे. आमच्या गल्लीतील एका सुनेला नवरा दारू पिऊन मारीत असे. एका रात्री ओरडा असह्य झाला, तेव्हा शेजारच्या मुलाने ११२ क्रमांक फिरवला. पोलिसांची गाडी आली. हवालदार वयस्क होते. त्यांनी नवऱ्याला गाडीत बसवले, बाईला पाणी पाजायला सांगितले आणि जाता जाता मला म्हणाले, "काका, रात्रीपुरता मी आलो. उद्या सकाळी हिच्यापाशी कोण येणार, ते बघा." त्या रात्री ती गाडी आली नसती तर काय झाले असते, याची कल्पनाही नको वाटते. पोलिसांवरचा खर्च हा श्रीमंतांच्या तिजोऱ्या राखण्याचा खर्च आहे, असे जे म्हणतात, त्यांनी गरिबाच्या गल्लीत एक रात्र काढावी. श्रीमंताच्या दाराशी त्याचा स्वतःचा पहारेकरी असतो. त्या सुनेला सरकारी गाडीखेरीज कोण होते? परंतु हवालदारांनी विचारलेला सकाळचा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच राज्यात फार पूर्वी शोधले गेले आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी एक विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या. मार खाल्लेली बाई पोलिसांच्या दारी येतेच. तेथेच तिचे म्हणणे शांतपणे ऐकणारे कोणी असावे, नवऱ्याला बोलावून त्याला मारहाणीचा जाब विचारावा, निवारा, कायदा, दवाखाना यांची वाट दाखवावी आणि पुढेही विचारपूस ठेवावी, अशी ती योजना. शिपाई तेथे परका नव्हता आणि समाजसेविकाही. २००५ पासून राज्याच्या महिला व बालविकास खात्याने हे काम स्वीकारले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. एका छपराखाली दोन खात्यांचा पैसा नांदू शकतो, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. १९८४ च्या दंगलीत ते गाव होरपळले होते. पुढे तेथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे या अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले. नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे तंटे तेथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही माजी पोलीस आयुक्त जुलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. रिबेरो आपल्याच समाजातले. बंदुकीच्या बळाची ज्याला पुरेपूर ओळख होती, त्याने निवृत्तीनंतर गल्लीबोळांतल्या बैठकांची वाट धरावी, यात मला मोठा अर्थ दिसतो.

पण भिवंडीची गोष्ट तेथेच संपत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत एका जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्याचे काम निघाले. ती जागा कब्रस्तानाची आहे, असे काही रहिवाशांचे म्हणणे होते. जमाव जमला, गोळीबारात दोघे मेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. ज्या गावाने १९९२ सालची आग अंगणाबाहेर थोपवली, तेच गाव पोलीस ठाण्याच्या पायावरून रक्तबंबाळ झाले. इमारतीला पैसा मंजूर होतो, तसा बैठकीला होत नाही. बैठक एखाद्या तळमळीच्या माणसाच्या खांद्यावर उभी असते; आणि माणसांच्या तर बदल्या होतात.

आमच्या शहरालाही हा धडा मिळाला आहे. वर्षानुवर्षे साऱ्या शहराचा कचरा चिकलठाण्याशेजारच्या नारेगावला टाकला जात होता. धूर, माश्या आणि नासलेले पाणी सोसून परिसरातील लोक थकले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या. शहरात कचऱ्याचे ढीग साचले. ७ मार्चला कचरा मिटमिट्याकडे नेण्यात आला, तेव्हा तेथे दगडफेक, लाठीमार आणि जाळपोळ झाली. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. त्यानंतर आमच्या चिकलठाण्यासह काही ठिकाणी कचऱ्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभे राहिले. हिशेबनीस म्हणून मी याची नोंद अशी करीन: कचऱ्याच्या रकान्यात वेळेवर न केलेला खर्च अखेर पोलिसांच्या रकान्यात पडला, आणि तो व्याजासह पडला. त्या दिवशी डोके फुटलेल्या शिपायाने कचरा साचवला नव्हता आणि काठी खाल्लेल्या गावकऱ्यानेही नाही.

आता त्या दोन नावांकडे येतो. सरकारी कागदात शिपायाला मिळते ते 'वेतन', आणि अंगणवाडीच्या ताईला मिळते ते 'मानधन'. शब्द मोठा गोड आहे. जणू मान हेच धन! वेतनामागे पद असते, पदामागे निवृत्तीची तरतूद असते आणि तंगीच्या वर्षीही पदावरच्या माणसाचा पगार सहसा अडत नाही. मानधनामागे योजना असते आणि योजना म्हणजे वर्षावर्षाला नव्याने मागायची गोष्ट. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ताई गरोदर बाईला भेटते, मुलाचे वजन करते, कोणत्या घरात दारू शिरली आणि कोणती मुलगी शाळेतून गळाली, हे तिला सर्वांआधी कळते. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. आपण सरकारच्या कामगार आहोत, हेच त्यांना सांगायचे होते.

ही विषमता केवळ दोन खात्यांतली आहे असे कोणी समजू नये. पोलीस व्यवस्थेतच पाहा. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील गावातच राहतो. बांधाची कुरबुर खुनापर्यंत जाण्याआधी तीच त्याच्या कानी येते. त्यालाही मानधनच! २०२४ साली ते साडेसहा हजारांवरून पंधरा हजार रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट. पण शब्द तोच राहिला. थोडक्यात, भांडण होण्याआधी जो पोहोचतो त्याला मानधन आणि भांडण झाल्यावर जो पोहोचतो त्याला वेतन, असा आपल्या राज्यकारभाराचा अलिखित नियम दिसतो. माझ्या मते खरा असमतोल या शब्दांत आहे. रुपयांतला असमतोल त्याच्या पोटी जन्मतो.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे सामोपचाराने मिटवणाऱ्या गावांना गृहखात्याकडून लोकसंख्येप्रमाणे काही लाखांची बक्षिसे मिळू लागली. पोलिसांच्या खात्याने समेटासाठी पैसा मोजावा, हा विचार थोर होता. पण बक्षीस एकदाच मिळते. तंटे मात्र दर पावसाळ्यात बांधावर नव्याने उगवतात. मोहिमेला पद जोडलेले नव्हते.

मला कारखान्याची आठवण होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले होते. मालक दयाळू असो वा नसो, ते पद भरावेच लागे. आमच्या चोपडीत 'सुरक्षा' आणि 'कामगार कल्याण' असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. मंदीच्या वर्षी साहेबांनी दोन्हींवर लाल पेन्सिल फिरवली, पण कल्याण अधिकाऱ्याच्या पगाराला हात लावता आला नाही. तीस वर्षांत कितीदा तरी संपाचे ढग जमले आणि विरले. ते कोणी विरवले, हे ताळेबंदात कोठेच दिसत नाही. न झालेल्या भांडणाची पावती कोण फाडणार?

येथेच या प्रश्नाची खरी अडचण आहे. शिपायाने पकडलेला चोर मोजता येतो. ताईने शाळेत परत आणलेला मुलगा चोर झाला नाही, हे कसे मोजावे? जे मोजता येत नाही त्यावर प्रथम कात्री चालते. म्हणून माझे मागणे लहान आहे. शिपायाचा एक पैसाही कमी करू नका. बारा बारा तास उभा राहणारा तोही कोणाचा तरी मुलगा आहे. पण जेथे नवी चौकी होईल, तेथे त्याच छपराखाली समाजसेविकेची एक खोली असावी आणि तिचे पद शिपायाच्या पदाइतकेच कायम असावे. वस्तीतल्या अंगणवाडीला पक्के छप्पर असावे आणि ताईच्या हातावर पडणाऱ्या रकमेला वेतन म्हणावे.

आमचा भूखंड अजून मोकळाच आहे. आता मी दोन्हींसाठी मिळून एक अर्ज लिहिला आहे आणि सह्या गोळा करीत हिंडतो आहे. चौकीची मागणी करणाऱ्या त्या गृहस्थांनीही सही केली, म्हणाले, "रात्री चौकी आणि दिवसा शाळा, हे चालेल." ती सून सध्या माहेरी आहे. परत येण्याआधी तिने एवढेच विचारून पाठवले आहे की, दिवसा भेटायला कोणी ताई असेल का? अर्जावर मी तिच्या प्रश्नाचीच तारीख घातली आहे. त्याचे उत्तर कोणत्या रकान्यातून येते याची मी वाट पाहत आहे.