मुक्कामी हायस्कूल

माणदेशात हायस्कूल म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघतंच. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिन्यांबरोबर मंगळसूत्रही मोडलं, ही हकीकत आम्हाला पाठ्यपुस्तकाआधी घरात ऐकायला मिळाली. त्यांचं पाहून पुढे तालुक्यातालुक्यांत अनेकांनी हायस्कुलं काढली. आमचं त्यांतलंच. दगड गावच्या ओढ्यातला, माती वाहिली आमच्या आजोबा-चुलत्यांनी, आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता त्यानं सुगीला ज्वारी घातली.

अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ पासून दहावी बोर्डाची झाली. आम्ही त्यानंतरचे. दिवाळी सरली की दहावीची पोरं शाळेतच मुक्कामाला यायची. संध्याकाळी बाकं भिंतीला सरकवायची, फरशीवर वळकट्या टाकायच्या, तिघांत एक कंदील. कुणाच्या डब्यात भाकरी आणि खर्डा, कुणाच्या डब्यात नुसतीच भाकरी. पण जेवण एकत्रच व्हायचं. काच काजळली की राखेनं पुसायची पाळी ठरलेली होती. पहाटे गणिताचे सर बॅटरी घेऊन यायचे, पांघरूण ओढायचे आणि चूळ भरायच्या आत फळ्यावर भूमितीचं प्रमेय मांडायचे. या तासांचे पैसे त्यांना कुणी देत नव्हतं. ते गावातच राहायचे. कुणाचा बाप पोराला शाळेतून काढून मेंढरांमागं धाडणार आहे, हे त्यांना हजेरीपटाआधी कळायचं आणि ते त्या घरी जाऊन बसायचे.

या मुक्कामात मुलगी मात्र एकही नव्हती. वर्गातल्या बहुतेकजणी आठवीनंतर दिसेनाशा झाल्या. गाव चार मैलांवर आणि पोर वयात आलेली, एवढं कारण पुरायचं. त्यांतल्या दोघी गणितात माझ्या कितीतरी पुढे होत्या.

आता सकाळी फाट्यावर एसटी थांबली की आधी मुलींचाच घोळका उतरतो. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, बारावीपर्यंत फी नाही. हे बघून मला जेवढा आनंद होतो, तेवढा नव्या इमारतीनं किंवा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीनं होत नाही. प्रयोगशाळेत आम्ही एका कपाटाकडे लांबून बघायचो. या मुली स्वतः परीक्षानळी हातात धरतात.

पण पूर्वी आठवीच्या तीन तुकड्या होत्या, आज एक कशीबशी भरते. पिवळ्या बस वाड्यावस्त्यांवरून पोरं इंग्रजी माध्यमाला घेऊन जातात. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, आणि पद गेलं की उरलेले पालकही दाखला मागतात. त्यात २०१२ साली शासनानं शिक्षकभरतीच थांबवली. पुढे ती सुरू झाली, पण रिकाम्या जागा सगळ्या भरल्या नाहीत. इथं गणित काही वर्षं भूगोलाचे सर शिकवत होते. ते तालुक्याहून मोटारसायकलनं येतात, मन लावून शिकवतात. पण रात्री गावात कुणी शिक्षक नसतो.

माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत आम्ही कमानीला वर्गणी काढायचं म्हणत होतो. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "कमान राहू द्या. मला गणिताला माणूस द्या." जूनपासून तासिकेवरच्या एका तरुण शिक्षिकेचं मानधन आम्ही भरतो आहोत. तिला खोलीही गावातच मिळाली आहे.