टेकडीवर कॉलेज, खाली लोखंड

शिकागोहून वायव्येकडे दीड-दोन तास गेलं की इलिनॉय संपतं आणि विस्कॉन्सिनच्या वेशीवरच, रॉक नदीच्या दोन्ही काठांवर बेलॉइट लागतं. नदीलगतच्या टेकडीवर बेलॉइट कॉलेज आहे. १८४६ साली त्याला सनद मिळाली, तेव्हा विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जाही नव्हता. १८४७ची मिडल कॉलेज ही इमारत आजही वापरात आहे. पण इथली सर्वांत जुनी बांधकामं वेगळीच आहेत. हिरवळीवर हजारेक वर्षांपूर्वीचे मातीचे उंचवटे आहेत, काही गोल, काही लांबट, एक तर कासवाच्या आकाराचा. हो-चंक लोक त्यांना आपल्या पूर्वजांचा वारसा मानतात. मी त्यांना वळसा घालून नदीकडे उतरलो.

खाली लोखंडाचं राज्य होतं. १८५८ मध्ये सुरू झालेल्या एका फाउंड्रीतून पुढे बेलॉइट आयर्न वर्क्स उभी राहिली. तिथे तयार झालेली कागद बनवण्याची अजस्र यंत्रं जगभर गेली. १८६७ साली लिओनार्ड व्हीलर या मिशनऱ्याने वारा फार वाढला की आपोआप तोंड फिरवणारी पवनचक्की इथे घडवली. तो धंदा पुढे फेअरबँक्स-मॉर्सकडे गेला आणि दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीच्या डिझेल इंजिनांवर अनेक अमेरिकन पाणबुड्या चालल्या.

ही यंत्रं घडवणारे हात कुठून आले, हे पाहायचं तर फेअरबँक्स फ्लॅट्सकडे जावं लागतं. पहिल्या महायुद्धात कामगार कमी पडले, तेव्हा मिसिसिपीतल्या पाँटोटॉक परिसरातून कृष्णवर्णीय कुटुंबं इथे येऊ लागली. त्यांच्यासाठी १९१७ साली काँक्रीटच्या या बुटक्या चाळी बांधल्या गेल्या. दक्षिणेतला जाच मागे टाकून आलेल्या माणसांना इथेही वेगळंच वसवलं गेलं. चाळींच्या साध्या भिंतींसमोर उभं राहिल्यावर हे फार टोचतं. १९८३ मध्ये त्यांची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली.

मग पडझड आली. आयर्न वर्क्सचं आता बेलॉइट कॉर्पोरेशन झालं होतं. इंडोनेशियातल्या यंत्रांच्या मोठ्या कंत्राटांत त्याचा पैसा अडकला, त्यात आशियाई आर्थिक संकटाची भर पडली. १९९९ मध्ये त्याच्या मालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पाठोपाठ बेलॉइट कॉर्पोरेशनही मिटलं. २००८च्या अखेरीस शेजारच्या जेन्सव्हिलमधला जनरल मोटर्सचा मोटार कारखानाही थांबला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पगारावर घरं चालली, तो पगारच गेला.

तरी बेलॉइटने कारखाने सरसकट जमीनदोस्त केले नाहीत. आयर्न वर्क्सच्या उंच शेडमध्ये आता कार्यालयं आणि नवे उद्योग आहेत. नदीकाठच्या कोळशाच्या वीजकेंद्राचं रूपांतर वास्तुविशारद जीन गँग यांच्या स्टुडिओने केलं. १९०८ पासून टप्प्याटप्प्याने वाढलेलं हे केंद्र २०१० मध्ये बंद पडलं आणि २०२० मध्ये कॉलेजचं ‘पॉवरहाउस’ म्हणून पुन्हा उघडलं. जिथे बॉयलर धगधगत होते तिथे आता मुलं धावतात, पोहतात, अभ्यास करतात. जुनी यंत्रसामग्रीही जागोजागी राखली आहे. इमारत उबदार आणि थंड ठेवायला नदीचं पाणी कामी येतं. टेकडीवरचं कॉलेज खऱ्या अर्थाने काठावर उतरलं ते इथे.

हे पाहून मन भरून येतं, पण माझ्या मते गावाचं नवेपण नुसत्या इमारतींवर जोखू नये. फेअरबँक्स-मॉर्स आजही इथे इंजिनं बनवते. हातांना काम देणारा असा एकेक कारखाना टिकणं देखण्या इमारतींइतकंच मोलाचं आहे. आणि ज्यांच्या घामावर हा काठ उभा राहिला त्यांची नावं, त्यांची घरं गावाच्या गोष्टीत पहिल्या पानावर हवीत. बेलॉइटला गेलात तर पॉवरहाउस जरूर पाहा, पण वेळ कमी असेल तर आधी फेअरबँक्स फ्लॅट्स गाठा.