अकरा ते पाच

परवा लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका पोळीभाजी केंद्रात उभी होते. आत कुणीतरी गरम पुरणावर जायफळ किसलं आणि तो वास आला मात्र, मला हुजूरपागेतला सातवीचा वर्ग दिसला. वर्गात पुरणाचं काय काम? सांगते.

पितृपक्षात आमच्याकडे पणजोबांचं श्राद्ध कडक सोवळ्यात व्हायचं. त्या दिवशी माझी शाळा बुडणार हे ठरलेलं. भाऊ मात्र डबा घेऊन त्याच्या शाळेत. "एक दिवस नाही गेली तर काय कलेक्टर व्हायची राहणार आहे?" असं घरातले एक वडीलधारे दरवर्षी म्हणत. त्यांचं नाव लिहीत नाही, राग अजून आहे.

सातवीच्या वर्षी मी पुरणयंत्राचा दांडा फिरवत बसले होते आणि आत्या आली. तीही हुजूरपागेचीच. चपला काढता काढता तिने विचारलं, "हिची शाळा नाही का आज?" कुणी बोलेना. तिने पदर खोचला आणि बाहेरच्या लुगड्यानिशी सरळ माझ्या हातातून दांडा काढून घेतला. सोवळं मोडलं! सगळं पुरण बाद, डाळ पुन्हा चढवा. त्या गदारोळात ती मला म्हणाली, "तू नीघ. वेण्या वाटेत घाल."

दुसऱ्या तासाला वर्गात पोचले. बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मानेनेच बाक दाखवला. भूगोलाच्या वहीला पुढे वर्षभर जायफळाचा वास येत होता, निदान मला तरी.

इथे लोकमान्यांना मध्ये आणावं लागतंय, इलाज नाही. पेशव्यांच्या खास घोड्यांची जिथे पागा होती, तिथली ही मुलींची शाळा 1884 साली सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित अशी मंडळी तिच्यामागे होती. 1887 मध्ये टिळकांच्या 'मराठा' पत्राने शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. इंग्रजी कशाला, शिवणटिपण का नको, वगैरे. त्यावर वाद घालता येतो, घातलाही गेला. मला टोचतो तो वेळेचा मुद्दा. अकरा ते पाच मुली घराबाहेर राहिल्या तर घरकामाचं काय? सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरेत.

हा मोठा हुशार आक्षेप आहे. मुलीला अक्कल नाही असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. फक्त, भांडी कोण घासणार? ज्यांनी 1880 मध्ये चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, त्यांनी तिथल्या मुलांना हा प्रश्न विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. गणेशोत्सवात मी त्यांच्या तसबिरीला नमस्कार करते, पण 'मराठा'तलं हे प्रकरण काही केल्या मनातून जात नाही.

रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हेच घरच्या बाजूने दिसतं. नवरा शिकवणारा आणि घरातल्या बायका टोमणे मारणाऱ्या. इंग्रजी वाचायचं तेही सगळ्यांची मर्जी सांभाळून.

म्हणून मला इरावती कर्व्यांच्या लहानपणाचा फार हेवा वाटतो. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. नाव तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी त्यांना हुजूरपागेच्या वसतिगृहात आणून ठेवलं. तिथे शकुंतला परांजपे मैत्रीण मिळाली आणि पुढे त्यांचं घरच आपलं झालं. सात वर्षांच्या पोरीला समुद्रापलीकडे आई-वडिलांना सोडून राहणं किती जड गेलं असेल, कळतं मला. तरी वाटतं, श्राद्धाला पुरण वाटायला ब्रह्मदेशातून कोण बोलावणार होतं? 'युगान्त' लिहिणाऱ्या बाईला निदान शाळेतले तास तरी पुरते मिळाले.

आत्याला ते मिळाले नव्हते. अकरावीला तिचं लग्न ठरलं, परीक्षेआधीच. तिने तक्रार कधी केली नाही. पण श्राद्धाच्या त्या दिवसानंतर ती आमच्याकडे शाळेच्या दिवशी यायची ती साडेदहाच्या आत, आणि मी बाहेर पडले की चहा मागायची.

हे लिहिता लिहिता आमच्या सोसायटीतल्या सकाळी आठवताहेत. कामाच्या मावशी आजारी पडतात आणि बदलीला त्यांची सातवी-आठवीतली मुलगी येते, गणवेश घालूनच, म्हणजे इथून तशीच शाळेत जाता येईल. तीन घरांची भांडी झाली की शाळा भरून गेलेली असते. आपण तिला "किती गुणी गं" म्हणतो आणि बिस्किटं देतो. 'मराठा'तला प्रश्न आता आपल्या ओट्यावर आलाय, इतकंच. तेव्हा अशी मुलगी उद्या दारात आली तर तिला शाळेत पाठवा, मावशींचा पगार कापू नका, आणि भांडी स्वतः घासा.