अम्माची वाकळ

अम्मा गेली त्याला चाळीस दिवस झाले आणि थोरल्या भावाने विचारले, "कपड्यांचं काय करायचं?"

आमच्याकडे मय्यतीचे कपडे गरजूंना देऊन टाकायची रीत आहे. त्याच्याही मनात तेच होते. मी मात्र अडून बसले. शेवटी तोच मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेला. ते म्हणाले, माणूस मागे ठेवून जातो ते सगळे, घर असो की हातरुमाल, तरका असतो. तो सगळ्या वारसांचा. सगळ्यांची संमती असल्याशिवाय त्यातला रुमालसुद्धा दान करता येत नाही. भाऊ परत येऊन म्हणाला, "तुझी काय इच्छा आहे ते सांग." मी म्हटले, "माझ्या हिश्श्यात मला साड्या द्या." धाकट्याने फोनवर 'हो' म्हटले. झाली वाटणी.

मिरजेच्या घरात अम्माचे एक लाकडी कपाट होते आणि पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक. कपाटात 17 साड्या निघाल्या. पांढऱ्या, राखाडी, फिकट निळ्या, बारीक बुट्ट्यांच्या. या आम्ही रोज पाहिलेल्या. ट्रंक उघडली तर वर जुन्या चादरी, त्याखाली डांबराच्या गोळ्या आणि त्याखाली 11 साड्या. डाळिंबी, मोरपिशी, जांभळी, काळी चंद्रकळा, लाल पदराची इरकल. सगळ्यात खाली एक गडद हिरवी.

अब्बा 1998 साली गेले. अम्मा 2019 साली. मधली 21 वर्षे या साड्या पलंगाखाली होत्या आणि अम्मा त्यांच्यावर झोपत होती.

अम्मा वाकळी शिवायची. सांगली-कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी चादर अंथरायची, त्यावर विरलेल्या साड्यांचे थर, वर मिळतील ते तुकडे, आणि मग कडेपासून आतपर्यंत धावदोरा. अब्बांच्या लुंग्या, आमचे शाळेचे शर्ट, दादीची पातळे, सगळे तिच्या वाकळीत गेले. तिच्या रंगीत साड्या तेवढ्या कधी गेल्या नाहीत. त्या कुठे आहेत, हे आम्हीही कधी विचारले नाही.

मला वाकळ शिवता येत नाही. बसले असते तर अम्माने शिकवली असती, पण बसले नाही. म्हणून पुण्यात आल्यावर मी यूट्यूबवर शोधत बसले आणि एका अमेरिकन नमुन्यापाशी थांबले. त्याचे नाव लॉग कॅबिन, म्हणजे ओंडक्यांची झोपडी. मधोमध एक लहान चौकोन. त्याच्याभोवती एकावर एक पट्ट्या, भिंतीचे ओंडके रचावेत तशा. मधला चौकोन बहुतेक वेळा लाल असतो, ती घरातली चूल. पट्ट्यांपैकी लगतच्या दोन बाजू फिक्या रंगाच्या, उरलेल्या दोन गडद. चुलीचा उजेड अर्ध्या घरावर पडतो, अर्धे घर अंधारात राहते, असे सांगतात. 1860 नंतरच्या दशकांत तिकडे हा नमुना घरोघरी पोचला. ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला अब्राहम लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाला होता, त्याच्याशीही लोक या नावाचा संबंध जोडतात.

मला हा नमुना पटला तो मोजमापामुळे. मोजत राहिले की मन ताब्यात राहते, असा माझा हिशेब होता.

काम असे. मांजरपाटाचे नऊ इंची चौकोन कापून घ्यायचे. तिकडच्या जुन्या बायकाही खाली असे साधे कापड घ्यायच्या, त्यामुळे विरलेले कापडही तग धरते. मध्ये अडीच इंचांचा लाल चौकोन. मग दीड इंच रुंदीची पट्टी त्यावर उलटी ठेवायची, पाव इंच आत शिवायची, उलटवून इस्त्री फिरवायची. मग चौकोन वळवून पुढची पट्टी. दोन फिक्या, दोन गडद, असे तीन फेरे. एका चौकोनात 13 तुकडे आणि शिवून झाल्यावर आकार आठ इंच. मला असे 48 करायचे होते. आडवे सहा, उभे आठ. एकूण 624 तुकडे.

पहिली कात्री इरकलीच्या लाल पदराला लावली. त्याच पदराला अम्मा किल्ल्या बांधायची. कापताना आमच्या गल्लीतली खाला कानात बोलली, "नक्को काट गे." ती तिथे नव्हती, पण असती तर हेच म्हणाली असती. पदराचे 48 चौकोन झाले. मग साड्यांचे दोन ढीग केले, एक फिका आणि एक गडद. तेव्हा लक्षात आले की हे ढीग मला लावावेच लागले नव्हते. कपाट आणि ट्रंक यांनी ते आधीच लावून ठेवले होते. 1973 ते 1998, लग्नानंतरची 25 वर्षे एका बाजूला. पुढची 21 दुसऱ्या बाजूला.

आमच्या घरात सांगतात, अम्माने स्वतःहून रंग सोडले. "अब्बांवर फार जीव होता हो." पाहुण्यांना सांगायला ही गोष्ट छान आहे. मीही सांगितली आहे.

लॉग कॅबिनचीही एक अशी गोष्ट आहे. मधला चौकोन काळा असलेली गोधडी घराबाहेर टांगलेली दिसली, की पळून निघालेल्या गुलामांनी समजायचे, हे घर सुरक्षित आहे. 1999 साली आलेल्या एका पुस्तकामुळे गोधड्यांच्या अशा सांकेतिक भाषेची कथा सगळीकडे गेली. पण त्या काळातला पुरावा इतिहासकारांना मिळाला नाही. पळालेल्या माणसांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांतही गोधड्यांचे संकेत नाहीत. तरी गोष्ट चालू आहे, कारण ती ऐकताना सगळ्यांना बरे वाटते.

आमची गोष्ट खोटी आहे हे सांगायला इतिहासकार लागत नाही. मी तिथे होते.

कुराणात विधवेची इद्दत सांगितली आहे ती चार महिने आणि दहा दिवस. तेवढे दिवस साजशृंगार नाही. त्यानंतर तिच्यावर रंगांची बंदी नाही, दुसरे लग्नसुद्धा ती करू शकते. हे मला तेव्हा, विसाव्या वर्षीही ठाऊक होते. इद्दत संपली त्या सकाळी अम्माने अंघोळ केली आणि ती हिरवी साडी काढून पलंगावर ठेवली. घडी मोडली नव्हती, नुसती ठेवली होती. दादी दारातून आत आली. तिने साडीकडे पाहिले, मग अम्माकडे. बोलली काहीच नाही. तसबीह मोजत बाहेर गेली. अम्माने साडी उचलून परत ट्रंकेत ठेवली आणि राखाडी नेसली.

मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले होते. "अम्मा, नेस ना," एवढे तीन शब्द. मी पान उलटले.

दादीला तरी मी काय बोल लावू? तीही तिशीत विधवा झालेली. शेजारच्या काकूंचेही कुंकू-बांगड्या असेच गेले होते. धर्म वेगळे, पण बाईच्या अंगावरचा रंग काढून घेण्यात गल्ली एकमताची होती. 2004 च्या ईदला मी पहिल्या पगारातून मोरपिशी साडी नेली. अम्माने तिच्यावरून हात फिरवला आणि भाभीला देऊन टाकली. "लोगां क्या बोलेंगे," म्हणाली. तेव्हा मी चिडले होते. आज वाटते, ती सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचेच उत्तर देत होती.

चौकोन शिवताना एक गोष्ट मला तिसऱ्या चौकोनाला कळली. दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात जी बाजू नंतर लागते, तिच्या पट्ट्या लांब येतात. आठ इंची चौकोनाचे 64 चौरस इंच. त्यात चूल चार, आधी लावलेली बाजू 27 आणि नंतर लावलेली 33. मी आधी गडद आणि मग फिका असा क्रम धरला होता, अम्माच्या आयुष्यात आला तसा. ते तीन चौकोन उसवले. नव्याने आधी फिका लावला आणि रंग शेवटी.

याने काही भरून निघत नाही, हे मला कळते. साडी नेसायची होती ती बाई गेली. कापलेल्या साडीची वाकळ होते, परत साडी होत नाही.

काम संपायला सात महिने लागले. आत कापूस भरला नाही. अम्माच्या पद्धतीने जुनी चादर घातली आणि वरून धावदोरा. माझे टाके वाकडे आहेत. अम्माने उसवून परत करायला लावले असते.

मिरजेला घेऊन गेले, कारण तरका सगळ्यांचा होता. थोरल्या भावाने ती उघडली, पाहिली, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती हिरवी. ती अब्बांनी आणली होती, सोलापुरातून." मला हे माहीत नव्हते.

धाकटा 1998 साली चार वर्षांचा होता. तो हिरव्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "ही कुणाची?"

"अम्माची."

"अम्माची?" त्याने परत विचारले. मग डाळिंबीवर बोट ठेवले. "आणि ही?"

48 चौकोन होते. तो एकेका रंगावर बोट ठेवत गेला आणि आम्ही दोघे सांगत गेलो, ही कोणत्या ईदची, ही कुणाच्या लग्नातली. जिथे आठवले नाही तिथे आठवत नाही म्हणालो. वाकळ मी त्याच्याकडेच ठेवून आले.