टाचणाबाहेर

बी.एड.च्या सरावपाठांना मागे बसून निरीक्षण वही भरणं हे माझं कामच. आज चाकणला इतिहासाचा तास. छात्राध्यापिकेचं पाठ टाचण नेटकं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला, हे तिने झोकात सांगितलं. तक्ताही सुरेख. पण हा किल्ला इथेच, गावात आहे, हे राहूनच गेलं! वर्गातली निम्मी मुलं लातूर-नांदेडकडची, काही बिहारची. आईबाप एमआयडीसीत कंत्राटी. त्यांनी तो पाहिला असेलच कशावरून?

नागरिकशास्त्राची पंचाईत निराळी. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक लांबतच गेली. त्या काळात एका छात्राध्यापकाने सांगितलं, नगरसेवक वॉर्डाचे प्रश्न मांडतो. लगेच पहिल्या बाकावरून, "सर, आमचा कोण?"

त्याने टाचणात पाहिलं. मग ते मिटलं आणि मुलांनाच विचारलं, पाणी आलं नाही तर घरचे कुणाकडे जातात? फळा भरला: वॉलमन, सोसायटीचे चेअरमन, 'सारथी' हेल्पलाइन, कुणी भाऊ, कुणी दादा. पाठ्यांश अर्धाच झाला. गुण देताना मी मात्र हात सैल सोडला.